स्टेपनीच्या गावाला

इंग्लंडला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत इथल्या लोकांकडून मी पुष्कळ इंग्रजी शब्द शिकले. पण एक इंग्रजी शब्द असा निघाला, की तो मलाच इथल्या लोकांना शिकवावा लागला. तो शब्द म्हणजे 'स्टेपनी'.

आपल्याकडं शाळकरी पोरगंही सांगेल, स्टेपनी म्हणजे गाडीचं जादा चाक. डिडकॉटमधल्या एका टायरवाल्याला मी विचारलं, "जुन्या एमजीबीसाठी स्टेपनी हवी होती, मिळेल का?" तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला आणि मग अगदी मदतीच्या सुरात म्हणाला, "स्टेपनी लंडनमध्ये आहे, पूर्वेकडं. ट्रेननं जा, सोपं पडेल." शेजारी उभे असलेले माझे सासरे म्हणाले, "काय म्हणतोय? लंडनला मिळतंय व्हय?" मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते आणि हसू आवरत होते.

आमच्या घरी एमजीबी कशी आली, ते आधी सांगायला हवं. नवऱ्यानं गेल्या वर्षी ती घेतली. १९७२ सालची, हिरवी, दोन माणसांची, उघड्या टपाची. हिच्यातून आठवड्याचा बाजार आणता येत नाही आणि तिघांनी मिळून कुठं जाता येत नाही, हे मी तेव्हाच बोलून दाखवलं होतं. त्यावर त्याचं एकच उत्तर होतं, "बाबा आले की त्यांना दाखवायची आहे." बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी कोल्हापुरात सत्तावीस वर्षं अ‍ॅम्बॅसॅडर टॅक्सी चालवली. ते या मे महिन्यात पहिल्यांदाच इकडं आले. विमानाचा शीण जायच्या आत त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन एमजीबीचं बॉनेट उघडलं, आत वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ही तर आपल्याच घरातली हाय की!"

ते खरंच होतं. आपली अ‍ॅम्बॅसॅडर मुळात ऑक्सफर्डची. तिथल्या काउलीच्या कारखान्यात बनणाऱ्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्तान मोटर्सनं ती घेतली आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनवली. तिचं बरीच वर्षं चाललेलं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातलं, १,४८९ सीसीचं. एमजीबीचं इंजिन त्याच घराण्यातलं, फक्त १,७९८ सीसीचं. म्हणजे एक बहीण टॅक्सी ओढत कोल्हापूर-रत्नागिरी करत राहिली आणि दुसरी इथं टप उघडून वाऱ्यावर फिरत राहिली. बाबांनी इंजिनाचा ठोका ऐकला आणि म्हणाले, "आवाज थोडा चढा हाय. पर गळा तोच."

मग पहिल्याच रविवारी त्यांना अ‍ॅबिंग्डनला नेणं भाग होतं. आमच्यापासून ते सात-आठ मैलांवर, थेम्सच्या काठावर आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डच्या गॅरेजात सेसिल किंबर यांनी या गाड्या सुरू केल्या. १९२९ मध्ये कारखाना अ‍ॅबिंग्डनला आला आणि ऑक्टोबर १९८० मध्ये तो बंद झाला. १९६२ ते १९८० या काळात तिथून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. आज तिथं कारखाना शोधत गेलात तर निराशा होईल. पण गावाच्या चौकात सतराव्या शतकातली काउंटी हॉलची देखणी दगडी इमारत आहे, तिच्यात संग्रहालय आहे आणि तिथं वरच्या मजल्यावर एक एमजीबी ठेवलेली आहे. ती जिन्यावरून कशी चढवली, या प्रश्नानं बाबा अस्वस्थ. क्रेननं उचलून खिडकीतून आत घेतली म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

याच इमारतीच्या गच्चीवरून राजघराण्यातल्या मोठ्या प्रसंगी खाली जमलेल्या लोकांवर गोड पाव फेकायची प्रथा आहे, आणि गेल्या काही पिढ्यांमधले पाव संग्रहालयात वाळवून जपले आहेत. वाळलेल्या पावाकडं बघून बाबा म्हणाले, "हे बी ठेवल्यात? आपण तर परसाद खाऊन टाकतो." जपून ठेवलेली वस्तू आणि वापरलेली वस्तू यांतला फरक तेव्हा मला नुसता गमतीचा वाटला. पुढं तो सगळा उन्हाळा माझ्या मागं लागणार होता.

झालं असं, की आम्ही सप्टेंबरात वेल्सला जायचं ठरवलं. कारण पुढं येईलच. जायचं एमजीबीनं, आणि चालवायची मी. मी सांगलीजवळच्या एका हायस्कूलमध्ये सहा वर्षं मराठी शिकवलं. तिथं स्कूटर चालवायची, गाडी इथं आल्यावर शिकले. पॉवर स्टिअरिंग नसलेली जुनी गाडी चालवायला बाबांनी मला जून-जुलैत शिकवलं. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यांवर ते शेजारी बसायचे, हात मांडीवर, नजर समोर. चुकलं तर ओरडत नसत, फक्त "हं" म्हणायचे. त्या एका 'हं'च्या आठ-दहा छटा मी ओळखायला शिकले. वर्गात मीही तसंच करायचे.

लांबच्या प्रवासाआधी बाबांचा नेम ठरलेला: पाणी, ऑइल, हवा आणि स्टेपनी. डिकी उघडली. एमजीबीत स्टेपनी डिकीतच आडवी ठेवलेली असते, आणि तिच्यामुळं डिकीत दुसरं फारसं काही मावत नाही. चाक सायकलसारखं तारांचं. टायरवरची नक्षी कोरी करकरीत होती. साच्यातून निघताना राहिलेली रबराची बारीक लवसुद्धा शाबूत होती. नवरा खूष होऊन म्हणाला, "बघा, एकदाही लागलेलं नाही."

बाबांनी अंगठ्याचं नख रबरात रुतवायचा प्रयत्न केला. रुतलं नाही. मग कडेच्या भिंतीवर हात दाबून धरला, तशा तिथं केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. "नक्षी नवी हाय," ते म्हणाले, "पर रबर म्हातारं झालंय."

टायरचं वय शोधायचं काम माझ्याकडं आलं. ते टायरवरच लिहिलेलं असतं. 'डीओटी' या अक्षरांनंतर एक ओळ असते, तिचे शेवटचे आकडे म्हणजे टायर बनल्याची तारीख. २००० सालापासून हे आकडे चार असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्याआधी तीनच असत: दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचा. आमच्या टायरवर होतं '४१८'. एक्केचाळिसावा आठवडा, आणि वर्ष आठ. पण कुठलं आठ? १९८८ की १९९८? नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच टायरांवर या आकड्यांपुढं एक छोटा त्रिकोण असतो. इथं तो नव्हता. म्हणजे बहुधा १९८८चा ऑक्टोबर. माझा जन्म १९८७चा. माझ्याहून जेमतेम दीड वर्षानं लहान असलेली ही वस्तू आयुष्यात एकदाही रस्त्याला लागली नव्हती, आणि तरीही म्हातारी झाली होती.

मला हे चमत्कारिक वाटलं. न वापरलेलं कसं झिजेल? बाबांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं, "गाडी चालली की रबर मऊ ऱ्हातंय. पडून ऱ्हायलं की कडक होतंय." मी मागाहून वाचलं तेव्हा शास्त्रही तेच सांगत होतं. रबराला हवेतल्या ओझोनपासून वाचवण्यासाठी त्यात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरत, दबत, वाकत राहिला, की ते आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि त्याचं रक्षण करतात. नुसत्या पडून राहिलेल्या टायरला ते पुरेसं मिळत नाही.

त्या रात्री मला झोप लागायला उशीर झाला. माझं एम.ए. आणि बी.एड.चं प्रमाणपत्र इथं आल्यापासून कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे. अगदी कोरं करकरीत. लेक लहान होती, नवऱ्याची नोकरी फिरतीची होती, कारणं सगळी खरी होती. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "डिग्री काय, कुठं जात नाही." कुठं जात नाही हेच तर त्या टायरचंही झालं होतं.

आता योग्य टायर शोधायचा. इथं बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. आमच्या रोजच्या गाडीत तिच्या जागी एक छोटा पंप आणि पंक्चरच्या भोकात भरायच्या चिकट द्रवाची बाटली आहे. ती बाबांना दाखवली तेव्हा त्यांनी ती औषधाच्या बाटलीसारखी उलटीपालटी केली आणि काही न बोलता परत ठेवली. गाडीत स्टेपनी असलीच पाहिजे अशी इथल्या कायद्याची सक्ती नाही. पण जादा चाक एकदा गाडीला लावलं, की त्याला बाकीच्या चाकांचे सगळे नियम लागू. टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात नक्षीची खोली निदान १.६ मिलिमीटर हवी. आणि एकाच धुरेवर रेडियल आणि क्रॉसप्लाय, म्हणजे आपल्याकडं ज्याला नायलॉन टायर म्हणायचे तो, असे दोन जातींचे टायर चालत नाहीत. दोघांची वळणावर रस्ता धरण्याची तऱ्हा वेगळी. एका जोखडाला बैल आणि रेडा जुंपल्यासारखं.

आमच्या गाडीच्या चारही चाकांना १६५ आर १४ या मापाचे रेडियल आहेत. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि १४ म्हणजे चाकाचा व्यास इंचांत. उंची लिहिलेलीच नाही. जुन्या मापांत ती लिहीत नसत, ती रुंदीच्या सुमारे ८० टक्के धरायची. डिडकॉटचा टायरवाला म्हणाला, "१४ इंचीच ना? १७५/६५ देतो, लहान गाड्यांना सर्रास बसतो." मी घरी येऊन वही काढली. बऱ्याच दिवसांनी आकडेमोड करताना मजा आली. १६५चे ८० टक्के १३२, वर आणि खाली मिळून २६४, त्यात चाकाचे १४ इंच म्हणजे ३५६, एकूण उंची ६२० मिलिमीटर. १७५/६५चं तसंच केलं, तर उत्तर येतं ५८३. साडेतीन सेंटिमीटरहून जास्त फरक! मागच्या धुरेवर असं एक चाक लहान लावलं, तर ते सतत जास्त फेरे घेत राहणार आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला वळणावर असल्यासारखं राबावं लागणार. १८५/७० मात्र ६१५ येतो, फक्त पाच मिलिमीटर कमी. तो बरेच एमजीबीवाले वापरतात. पण तो रुंद, तारांच्या चाकावर मागच्या मडगार्डला घासायची भीती, आणि बाकी चारांशी जुळणार नाही तो नाहीच.

दुसऱ्या एका दुकानात १६५ आर १४ मिळाला, तोही स्वस्त. पण त्यापुढं 'सी' हे अक्षर होतं. 'सी' म्हणजे माल वाहणाऱ्या गाड्यांचा, व्हॅनचा किंवा ट्रेलरचा. त्याच्या भिंती जड वजनासाठी कडक केलेल्या. आमच्या हलक्या गाडीखाली तो दगडासारखा उडत राहिला असता. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "हत्तीचा नाल घोड्याला मारायचा न्हाई."

एव्हाना नवरा वैतागला होता. "बाबा, स्टेपनी ती स्टेपनी. तीस मैल जाऊन गॅरेज गाठण्यापुरती हवी. तेवढं तो जुना टायरही जाईल." घरात दोन तट पडले. मी बाबांच्या बाजूनं, आणि त्याला कारण होतं. टायरच्या वयाबद्दल शोधताना माझ्या वाचनात एक हकिगत आली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये आइल ऑफ वाइटच्या संगीत महोत्सवाहून परत निघालेल्या तरुणांची बस सरे परगण्यात हाइंडहेडजवळ झाडावर आदळली. तिघं गेले. पुढचा एक टायर फुटला होता. नक्षी कायद्यात बसत होती, पण टायर १९ वर्षांचा होता. गेलेल्यांपैकी एक मुलगा १८ वर्षांचा होता. टायर त्याच्यापेक्षा मोठा. त्या लिव्हरपूलच्या मुलाची आई पुढं कितीतरी वर्षं सरकारच्या मागं लागली, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून इथं बसच्या आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावायला बंदी झाली.

मोटारींना ही बंदी नाही. आमच्या गाडीला तर, ती ४० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असल्यानं, वार्षिक एमओटी तपासणीतूनही सूट आहे. म्हणजे तिच्या टायरकडं आमच्याशिवाय कुणीही बघणार नाही. मी हे सगळं जेवताना सांगितलं. नवऱ्यानं पानातला घास तसाच ठेवला. थोड्या वेळानं म्हणाला, "बरं. कुठं मिळेल ते शोधू."

उत्तर ब्यूलीत होतं. लिहिताना फ्रेंच, बोलताना ब्यूली, अर्थ 'सुंदर जागा'. हे गाव न्यू फॉरेस्टमध्ये आहे. नाव 'नवं रान' असलं, तरी ते १०७९ मध्ये विजेत्या विल्यम राजानं शिकारीसाठी राखलं होतं. आजही तिथं घोडे मोकळे हिंडतात आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून गाड्या अडवतात. "आपल्याकडं म्हशी, हितं घोडी," बाबांनी निकाल दिला. ब्यूलीला राष्ट्रीय मोटार संग्रहालय आहे, आणि तिथं दर सप्टेंबरात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, 'ऑटोजंबल' म्हणतात त्याला. शेतात ओळीनं मांडलेल्या शेकडो टपऱ्या आणि टेबलं, त्यांवर गंजके दिवे, हॉर्न, कार्बोरेटर, स्टिअरिंगची चाकं, कशाचं ते देवालाच ठाऊक असे नट. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार एकत्र करून त्यावर विलायती पाऊस शिंपडावा, तसं दृश्य होतं. बाबांना तिथून बाहेर काढायला आम्हाला चार तास लागले.

एका आजोबांच्या टेबलापाशी आमच्या मापाचा टायर होता. अगदी आमच्या मापाचा. पंचवीस पौंड. आजोबा कौतुकानं म्हणाले, "एकदाही वापरलेला नाही. कायम अंधाऱ्या गॅरेजात ठेवलेला." मी खाली बसून ती ओळ शोधली. आकडे तीनच. मी नुसतंच तीन बोटं वर केली. आजोबांनी चष्मा लावून स्वतः बघितलं, हसले आणि म्हणाले, "बाईसाहेब, तुम्ही शाळेत शिकवता का?" मी म्हणाले, "शिकवायचे." हे 'शिकवायचे' म्हणताना जीभ जरा अडखळली, एवढं खरं.

नवा टायर शेवटी तिथंच, जुन्या गाड्यांचेच टायर विकणाऱ्या एका दुकानात मिळाला. काही कंपन्या अजूनही जुन्या मापांचे, जुन्या नक्षीचे टायर मुद्दाम बनवतात. दुकानातल्या मुलानं आमचं चाक तपासलं आणि नवी ट्यूब घ्यायला लावली. तारांच्या चाकात प्रत्येक तार धावेला भोक पाडून बसवलेली असते, तिथून हवा गळते, म्हणून ट्यूब हवीच. तारांची टोकं तिला टोचू नयेत म्हणून मध्ये रबरी पट्टीही हवी. ट्यूब आणि पट्टीसकट सगळं मिळून दीडशे पौंडांच्या आत बसलं. मी आकडे वाचले: १८२४. २०२४ चा अठरावा आठवडा. बाबांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे मी हितं उतरलो, तवाच हे जन्मलं," असं म्हणून त्यांनी टायरवर हात फिरवला.

आणि मग आम्ही स्टेपनीच्या गावाला निघालो. वेल्सला जायचं ते याच्यासाठीच. लंडनच्या स्टेपनीशी आपल्या शब्दाचा थेट संबंध नाही. तो आला वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लानेल्ली गावातून. मी मागं पुढं बाबांशी बोलून दिवस ठरवला. एमजीबीत मी आणि बाबा, मागून रोजच्या गाडीत नवरा आणि लेक. साधारण दीडशे मैल. एम फोर महामार्गावरून पश्चिमेला जायचं, सेव्हर्न नदीच्या रुंद मुखावरचा पूल ओलांडला की वेल्स. पाट्या दोन भाषांत सुरू होतात, रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'अराव' दिसतं, म्हणजे 'हळू'. आणि पाऊस. आमचं कापडी टप दोन ठिकाणी गळत होतं. बाबा गुडघ्यावर टॉवेल पसरून म्हणाले, "गगनबावड्यागत पडतोय." मग त्यांनी मला करूळ घाटातली गोष्ट सांगितली. नवरदेवाला घेऊन कोकणात निघाले होते. घाटात चाक बसलं. स्टेपनी काढली, तर तीही सपाट. आदल्या आठवड्यात वापरून पंक्चर काढायची राहिलेली. नवरदेव बाशिंग हातात धरून दुधाच्या टेम्पोतून मांडवात पोचला. "तवापासनं," बाबा म्हणाले, "चार चाकं मागनं बघतो. पयलं पाचवं."

लानेल्ली हे एकेकाळी पत्र्याचं गाव. इथल्या कारखान्यांतला कथिल चढवलेला पत्रा जगभर जायचा, म्हणून त्याला टिनोपोलिस म्हणत. गावाच्या मधोमध, देवळासमोर, लानेल्ली हाउस ही १७१४ मधली हवेली आहे. ती सर टॉमस स्टेपनी यांनी बांधली. त्यांच्या घराण्याच्या नावाचा रस्ता म्हणजे स्टेपनी स्ट्रीट, आणि त्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसायचं. चाकं धुरेला कायमची बसवलेली. पंक्चर झालं, की रस्त्याकडेला बसून टायर उपसा, ट्यूब काढा, ठिगळ लावा, हातपंपानं हवा भरा. १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी युक्ती काढली. आऱ्या नसलेली नुसती धाव, तिच्यावर हवा भरलेला टायर, आणि ती बसलेल्या चाकाला बाहेरून पकडींनी आवळून टाकायची. चाक न काढताच गाडी चालू. या चाकाला त्यांनी आपल्या रस्त्याचं नाव दिलं. पुढं आख्खं चाकच बदलता येऊ लागलं, तसा तो शोध मागं पडला आणि इंग्लंड ते नाव विसरलं. भारत, बांगलादेश, माल्टा मात्र विसरले नाहीत. ब्राझीलमध्येही त्याचं 'एस्तेपे' होऊन ते टिकलं.

स्टेपनी स्ट्रीट आज साधा बाजाररस्ता आहे. गाड्यांना तिथं मज्जाव, हेही गमतीचंच. काही दुकानं चालू, काही बंद. वेल्श भाषेतल्या 'स्ट्रीड स्टेपनी' या पाटीखाली बाबा पावसात ताठ उभे राहिले आणि आम्ही फोटो काढला. चहाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, या पाटीचा फोटो कशाला? मी सांगितलं, भारतात कोट्यवधी लोक आजही जादा चाकाला स्टेपनी म्हणतात. त्यांना ते जुनं चाक ऐकून ठाऊक होतं. पण तो शब्द इतक्या लांब जाऊन, रोजच्या तोंडी वापरात राहिला आहे, हे त्यांना नवीन होतं. त्यांनी आतून आपल्या बहिणीला बोलावलं आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं. बदल्यात त्यांनी आम्हाला 'लानेल्ली'चा खरा उच्चार शिकवला. जीभ 'ल'च्या जागी ठेवायची आणि बाजूनं नुसती हवा सोडायची. बाबांना तो पहिल्या झटक्यात जमला. "टायरमधनं हवा गेल्यागत," त्यांनी मला हळूच सांगितलं. मी त्याचं भाषांतर केलं नाही.

परतीच्या वाटेवर काहीही झालं नाही. स्टेपनी डिकीत पडून राहिली. पण बाबा तेवढ्यावर सोडणारे नव्हते. कोल्हापूरला परतण्याआधी त्यांनी आम्हा दोघांना अंगणात उभं केलं, तांब्याच्या तोंडाची हातोडी हातात दिली आणि चाकाच्या मधला मोठा नट ठोकून सोडवायला शिकवलं. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट, हे नवऱ्यालाही नीट माहीत नव्हतं. मग सांगितलं, "पाचवं चाक बी पाळीत घ्यायचं. दर दोन-तीन हजार मैलांनी एकेक बदलायचं. नुसतं ठिवायचं न्हाई."

ते गेले त्याच आठवड्यात मी आपल्या मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गाला नाव दिलं. अकरा मुलं आहेत, पाच ते बारा वयाची. दुसऱ्याच तासाला आवाज बसला. सहा वर्षं रोज सहा तास बोलणारा गळा आता तासाभरात दमतो. हळूहळू सुटेल. शाळेत शिकवायला इथली कुठली पात्रता लागते, त्याची चौकशीही सुरू केली आहे. निळी फाइल सध्या टेबलावर आहे.

खंडेनवमीला बाबांचा फोन आला. त्यांनी कोल्हापुरात शेजाऱ्याच्या गाडीला हार घातला होता, आणि इकडची पूजा झाली का ते विचारत होते. लेकीनं सगळ्या चाकांना हळदीकुंकू लावलं होतं, खाली लिंबं ठेवली होती. तिनं व्हिडिओवर एकेक चाक दाखवलं.

"आणि डिकीतलं?" बाबांनी विचारलं.

"त्यालाही लावलंय, आजोबा."

"डिकीत कुठलं हाय आता?"

"मागचं डावं, बाबा," मी म्हणाले. "नवं रस्त्याला लावलंय."

पलीकडून फक्त "हं" आला. त्यांच्या आठ-दहा छटांतली ही कोणती, ते मला बरोबर कळलं.